लाल दिवा

घराच्या गच्चीवर दुर्बीण ठेवायला खोली बांधली असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो तो दुर्बिणीबद्दल. केवढ्याला पडली? चंद्रावरचा झेंडा दिसतो का? (नाही दिसत. पृथ्वीवरच्या कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही.) दुसरा प्रश्न सरकत्या छपराचा, तिसरा माकडांचा. पण त्या खोलीत दिवे कुठले लावलेत, हे आजवर मला एकानेही विचारलेलं नाही. अंधारात बसून तारे बघायचे, तिथे दिव्याचं काय काम, असंच सगळ्यांना वाटत असणार. खरं सांगायचं तर ही खोली उभी करताना विटा, पत्रे आणि चाकं यांच्यापेक्षा जास्त डोकं खाल्लं ते दिव्यांनी. म्हणून आज दिव्यांबद्दलच लिहितो. आकाशात काय काय दिसतं ते पुन्हा कधीतरी.

आधी थोडी माहिती, म्हणजे बाहेरगावच्या मंडळींना अंदाज येईल. आमचं गाव वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात. (मालेगाव म्हटलं की सगळ्यांना नाशिककडचं आठवतं. हे ते नव्हे, हे मालेगाव जहांगीर.) गच्चीवर दहा बाय दहाची खोली, भिंती छातीपर्यंत, वर पत्र्याचं छप्पर. सरकत्या फाटकाला असतात तशी चाकं छपराला खालून लावली आहेत, ती दोन रुळांवर चालतात. रात्री ढकललं की छप्पर बाजूला आणि आकाश मोकळं. आत आठ इंची आरशाची दुर्बीण, साध्या लाकडी बैठकीवर. घुमटबिमट काही नाही. वेल्डिंगवाला रूळ बसवता बसवता म्हणाला होता, "भाऊ, छप्पर काढाचंच हाय तं लावता कायले?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

हे सगळं मुळात बाबांमुळे. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. आपल्या जुन्या ज्योतिषांनी लंकेपासून मेरूपर्यंत जी मध्यरेषा मानली होती, तिच्यावरच्या गावांची नावं भास्कराचार्यांच्या 'करणकुतूहल' या ११८३ सालच्या ग्रंथात आहेत, आणि त्यात उज्जैन-कुरुक्षेत्राच्या पंक्तीला वत्सगुल्म बसलेलं आहे. वाशीमला मध्यमेश्वराचं देऊळ आहे, ते त्याच रेषेवर आहे असं जुनी माणसं सांगतात. आजच्या नकाशावर उज्जैन वाशीमच्या पश्चिमेला एक अंशाहून जास्त अंतरावर दिसतं, पण बाबांनी वर्गात हा तपशील सांगून कधी कुणाचा उत्साह घालवला नाही. "ग्रिनिच व्हायच्या आधी आपण होतो रे पोरांनो," एवढंच सांगायचे.

आणि मग भारनियमनाचा काळ. ज्यांनी तेव्हा विदर्भातल्या खेड्यात दिवस काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. संध्याकाळी वीज गेली की बायका चिमण्या-कंदील शोधायच्या आणि बाबा पोरांना घेऊन शाळेच्या मैदानावर जायचे. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे आकाशात साधारण दहा अंश. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला वीस अंशांवर, म्हणून ध्रुवतारा क्षितिजाच्या वर दोन मुठी. हे गणित आमच्या गावात दहावी नापास माणसालाही येतं. कार्तिकात डोक्यावर देवयानी यायची. तिच्यातली ती आकाशगंगा, कापसाचा बारीक पुंजका चिकटल्यासारखी, नुसत्या डोळ्यांनी दिसायची. "हा उजेड पंचवीस लाख वर्षं चालत आलाय, जरा नीट बघा," असं बाबा सांगायचे.

आता बाबा ७८ वर्षांचे आहेत आणि त्यांना काचबिंदू आहे. या लेखातल्या सगळ्या दिव्यांचा हिशेब इथूनच सुरू होतो. पण त्याआधी डोळ्याचं थोडं शास्त्र सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूसारख्या आकाराच्या पेशी साधारण साठ लाख, त्या मधोमध दाटीने असतात. रंग दाखवणं, बारीक अक्षरं वाचणं हे त्यांचं काम, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. दुसऱ्या दांडीसारख्या, साधारण बारा कोटी, त्या मधला भाग सोडून बाजूला पसरलेल्या. त्यांना रंग कळत नाही, पण अगदी क्षीण उजेड त्या टिपतात. या दांड्यांमध्ये एक द्रव्य असतं, ते उजेडात विरून जातं आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होतं. ते पुरेसं तयार व्हायला अर्धा तास तरी लागतो. म्हणून लख्ख दिव्यातून गच्चीवर आलेल्या पाहुण्याला आधी मोजके तारे दिसतात आणि अर्ध्या तासाने तोच म्हणतो, "अरे, आता एवढे कुठून आले?" तारे कुठूनच आलेले नसतात, डोळा आलेला असतो. आणि हा अर्ध्या तासाचा सगळा साठा मोबाईलच्या पडद्याकडे एकदा बघितलं तरी वाया जातो.

आता लाल रंगाचं. या दांडीपेशी निळ्या-हिरव्या उजेडाला फार हळव्या असतात आणि गडद लाल उजेड त्यांना जवळजवळ जाणवत नाही. खोटं वाटत असेल तर भल्या पहाटे, अंधुक उजेडात जास्वंदीच्या झाडाकडे बघा. पानं दिसतात, फुलं काळी पडलेली असतात. सूर्य वर आला की तीच फुलं पेटल्यासारखी होतात. तेव्हा लाल दिवा लावला की शंकूपेशींना वही दिसते आणि दांडीपेशींची झोप मोडत नाही, असा हा हिशेब. जुन्या फोटो स्टुडिओतल्या डार्करूममध्ये लाल दिवा असायचा तोही अशाच कारणाने, तिथला कागद लाल उजेडाला दाद देत नसे.

मंत्री आणि साहेब लोकांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले. त्यामुळे आमच्या गच्चीवर लाल उजेड दिसू लागला तेव्हा पारावर चर्चा झालीच. "काय भाऊ, लाल दिवा भेटला म्हणते तुमाले!" असं मला तीन वेगवेगळ्या माणसांनी ऐकवलं. असो.

तर लाल दिवा म्हणजे नेमका कुठला? हाताशी पहिला होता तो देवघरातला झिरोचा लाल बल्ब. नाव झिरो, पण दहा-पंधरा वॅट खातो आणि काचेवर नुसता लाल रंग असल्यामुळे त्यातून नारिंगी-पिवळा उजेडही सुटतो. शिवाय खोलीच्या मानाने भयंकर प्रखर. दुसरा उपाय म्हणजे बॅटरीच्या तोंडावर लाल जिलेटिनचा कागद. गणपतीच्या सजावटीचा उरलेला कागद घरात असतोच. दोन-तीन घड्या घालून रबर लावलं की काम होतं, आणि ज्यांना एक पैसाही खर्च करायचा नाही त्यांनी हेच करावं. काही लोक काचेवर लाल नेलपॉलिश लावतात, तेही चालतं. तिसरा उपाय म्हणजे लाल एलईडीची पट्टी. एलईडीचा लाल मुळातच लाल असतो, गाळावा लागत नाही. बारा व्होल्टची पट्टी तीन-तीन दिव्यांच्या तुकड्यांत कापता येते. मी तीच घेतली, आणि ती लहान बॅटरीवर चालवतो. थंडीत आमच्याकडे पहाटे दव इतकं पडतं की पत्र्यावरून थेंब गळतात. अशा ठिकाणी, उघड्या छपराखाली, ओल्या हाताने २३० व्होल्टच्या बटणाशी खेळ नको.

पण यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दिवा लाल आहे यापेक्षा तो मंद आहे हे जास्त महत्त्वाचं. प्रखर लाल दिवा रात्रीची नजर बिघडवतोच, आणि अगदी मिणमिणता पांढरा दिवा कधीकधी त्याच्याहून बरा ठरतो. त्यामुळे उजेड कमी-जास्त करायची सोय हवी. पंख्याचा रेग्युलेटर घरात पडलेला असतो, पण तो एलईडीला चालत नाही. दिवा एकतर लुकलुकतो किंवा लागतच नाही. बारा व्होल्टच्या पट्टीसाठी वेगळा छोटा डिमर मिळतो. तो इतका खाली आणायचा की पहिल्यांदा आत आल्यावर वाटलं पाहिजे, दिवा बंद आहे. दहा मिनिटांनी त्याच उजेडात वही दिसायला लागते.

लाल उजेडाच्या अडचणीही आहेत. लाल शाईने लिहिलेलं त्यात दिसतच नाही, वहीतला तेवढा भाग कोरा होतो. दुसरं म्हणजे आपल्या डोळ्याच्या भिंगातून लाल किरण निळ्या किरणांपेक्षा थोडे मागे एकवटतात. तरुण डोळा हे सांभाळून घेतो, पण चाळिशी लागलेल्या माणसाला लाल उजेडात जवळचं वाचणं जड जातं. अशांनी चष्मा लावावा किंवा पिवळसर नारिंगी, अगदी मंद दिवा वापरावा. तिसरी अडचण फोटो काढणाऱ्यांची. आकाशातले कितीतरी तेजोमेघ हायड्रोजनच्या ज्या लाल रंगात चमकतात, तो ६५६ नॅनोमीटरचा. म्हणजे आपण ज्या रंगाचा दिवा लावून बसतो, साधारण तोच रंग कॅमेरा टिपत असतो. फोटो चालू असताना लाल दिवासुद्धा बंद.

चौथी गोष्ट भिंतींची. खोलीला आतून गेरू लावा असं गवंड्याने सुचवलं, आणि आमच्याकडे ते स्वस्त आणि सवयीचं. आधी फरशीच्या एका तुकड्याला लावून लाल उजेडात धरून पाहिलं, तर तो चुना लावल्यासारखा पांढरट उजळला. लाल रंग लाल उजेड परत फेकतो, दुसरं काय होणार? शेवटी शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग आतून दिला. आईला काळी खोली पसंत नव्हती, म्हणून बाहेरून पांढरा चुना. उन्हाळ्यात ४४-४५ अंशांत खोली कमी तापते हा त्यातला फायदा.

आणि विंचू. लाल मंद उजेडात तपकिरी विंचू आणि फरशीवरची काडी यांत काही फरक कळत नाही. पण विंचवाचं अंग अतिनील उजेडात हिरवट चमकतं. नोटा तपासायला लहान अतिनील बॅटऱ्या मिळतात, त्यातली एक खुंटीला टांगलेली आहे. छप्पर सरकवण्याआधी कोपरे, खुर्चीखालची जागा आणि पायताणं तिने बघून घ्यायची. आजवर दोनदा चमकले आहेत.

आता बाबांकडे येतो.

काचबिंदूत डोळ्यामागची नस हळूहळू निकामी होत जाते. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली सांभाळायची, एवढंच हातात. बहुतेकांची नजर आधी कडेची जाते, मधली राहते. बाबांचं तसंच आहे. वर्तमानपत्र वाचतात, चष्म्याने सुईत दोरा ओवतात, पण बाजूने आलेली सायकल त्यांना दिसत नाही आणि अंधारात पायरी कळत नाही. वर सांगितलं ते आठवा. क्षीण उजेड टिपणाऱ्या दांड्या कडेला असतात. म्हणून तर आम्ही आकाशवाले अंधुक गोष्ट बघताना तिच्याकडे सरळ न बघता थोडं बाजूला बघतो, तिरप्या नजरेने. मला ही युक्ती बाबांनीच शिकवली होती. त्यांच्या डोळ्यात आता ती बाजूच राहिलेली नाही.

पहिल्या वर्षी कार्तिकात मी त्यांना वर नेलं. त्यांनी देवयानीकडे बराच वेळ मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "दिशा बरोबर आहे ना?" दिशा बरोबर होती. दुर्बिणीतून त्यांना तिचा मधला गाभा दिसला, बाजूचा पसारा नाही. काही बोलले नाहीत. मीही नाही.

मग शनी लावला. शनी तेजस्वी आहे, तो बघायला दांडीपेशी लागत नाहीत. मधल्या शंकूपेशी पुरतात, आणि त्या बाबांच्या शाबूत आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये शनीची कडी पृथ्वीवरून अगदी काठाने दिसणार होती, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यातही ती खूप बारीक होती. बाबा बघून म्हणाले, "मण्यात सुई ओवल्यासारखी." अगदी तशीच. नंतर गुरूचे चारही चंद्र त्यांनी मोजले. चंद्रावरची विवरं तर मला दिसतात तेवढीच त्यांनाही दिसतात. देवयानी गेली, पण शनी राहिला.

तेव्हा प्रश्न असा उभा राहिला. मला आणि माझ्यासारख्यांना अंधार हवा. बाबांना वर येण्यासाठी उजेड हवा, आणि जे त्यांना दिसू शकतं त्यासाठी अंधाराची गरजच नाही. मग ही खोली कुणाच्या डोळ्यांच्या मापाने बांधायची? पुस्तकांत आणि बाहेरच्या देशांतल्या हौशी लोकांच्या लेखांत जे दिव्यांचे सल्ले असतात, ते सगळे उत्तम नजर असलेल्या एकट्या माणसासाठी असतात. अंधाराला जितकं कमी डिवचाल तितकं चांगलं, असा त्यांचा नियम. बरोबरच आहे तो. पण सतरा पायऱ्या चढून येणाऱ्या ७८ वर्षांच्या माणसाला तो नियम सांगून काय उपयोग?

नात्यातल्या काहींचं म्हणणं होतं की बाबांनी आता वर जाऊच नये. खाली खुर्ची टाकून मोबाईलवर फोटो दाखवा. काळजीने म्हणत होते, रागावण्यासारखं काही नाही. पण बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोटोतला शनी कुणी पाहिलेला?"

मग आम्ही जिन्यापासून सुरुवात केली. लाल पट्टीचे तुकडे प्रत्येक पायरीच्या नाकाखाली बसवले, उजेड खालच्या पायरीवर पडेल पण वरून दिवा दिसणार नाही असे. डोळ्याच्या उंचीवर एकही दिवा नाही, सगळे घोट्याच्या खाली. एका बाजूने लोखंडी पाइपचा कठडा. तेवढ्यानेही बाबांना पायरीची कड नीट कळेना, कारण लाल उजेडात सिमेंट सगळं सारखंच दिसतं. उपाय त्यांनीच काढला. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंद चुन्याचा पट्टा. लाल उजेडात तो उठून दिसतो, आणि मला तर चांदण्याच्या उजेडातही दिसतो. अंधारात चमकणारी चिकटपट्टीही मिळते, पण तिचा रंग हिरवट, म्हणजे दांडीपेशींना सगळ्यात जास्त टोचणारा. चुना बरा. उजेड वाढवायच्या आधी जी वस्तू दिसायला हवी तीच पांढरी करावी, ही अक्कल मला तरी कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती.

आणि रात्रीचा क्रम ठरवला. आधी बाबांचा तास. तेव्हा जिन्याचे दिवे चालू, खोलीतला लाल दिवा थोडा मोठा, आणि दुर्बीण चंद्रावर, ग्रहांवर नाहीतर जोडताऱ्यांवर. हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ, एक पिवळा एक निळा, हा त्यांचा आवडता. बाबा खाली गेले की जिना बंद, दिवा एकदम खाली, अर्धा तास शांत बसायचं आणि मग तेजोमेघ, तारकागुच्छ, दीर्घिका. कुणाचंच काही बुडत नाही. पांढरा दिवाही एक आहे बरं का. पडलेला स्क्रू शोधायला, कुणी घसरलं-धडपडलं तर. त्याचं बटण झाकण लावून वेगळं ठेवलंय, चुकून हात पडू नये म्हणून.

उरला गल्लीतला दिवा. आमच्या दक्षिणेला, वीस-पंचवीस पावलांवर, खांबावर पांढराशुभ्र एलईडी आहे. दक्षिण महत्त्वाची, कारण वैशाखात रात्री त्याच बाजूला, क्षितिजापासून मूठभर उंचीवर त्रिशंकू येतो, आणि त्याच्या वर नरतुरंगातला तो ताऱ्यांचा भलामोठा गोळा, ओमेगा. पुण्या-मुंबईपेक्षा आमच्याकडे आकाश काळं, तर दिवा नेमका तिथे. खोक्यांवर ६५०० केल्विन लिहिलेले हे दिवे निळसर पांढरे असतात. निळा उजेड हवेत जास्त विखुरतो. दिवसा आकाश निळं दिसतं ते त्यामुळेच, आणि रात्री तेच विखुरणं आकाश धुरकट करतं.

भाच्याने गलोल सुचवली. त्याला गप्प केलं. कारण तो दिवा मागून घेतलेला आहे. शेजारच्या काकू मला स्पष्ट म्हणाल्या, "त्या दिव्याले हात लावू नका बरं, भाऊ. दोन वर्सं चकरा मारल्या आमी. पोरी रातच्या एसटीनं येतात." त्या गल्लीत घोणस निघालेली मी स्वतः पाहिली आहे. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत असली की माणसं बारा-एक वाजता पाणी द्यायला त्याच वाटेने जातात. अंधार ही माझी हौस आहे. त्यांच्यासाठी तो अंधारच आहे.

म्हणून दिवा बंद करायचं मी बोललोच नाही. विषय ग्रामसभेत नेला तो एवढाच, की दिव्याचा उजेड रस्त्यावर पडावा, आमच्या गच्चीवर आणि समोरच्यांच्या अंगणातल्या खाटांवर कशाला? तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून, आतून काळा करून, दिव्यावर झापड बसवायची. पंचायतीच्या वायरमनने ती बसवली. पहिल्या आठवड्यात एका घराची तक्रार आली की आमच्या दारात काळोख झाला. खरंच झाला होता. झापड त्या बाजूने कापून कमी केली. आता डोळ्यावर येणारा झगमगाट गेल्यामुळे खालचा रस्ता उलट जास्त नीट दिसतो, असं काकूच सांगतात. डोळे दिपले की सावलीतलं काही दिसत नाही, झगमगाट गेला की दिसतं. माझ्या गच्चीवर अजून रस्त्यावरून उसळलेला थोडा उजेड येतो. आग्नेयेला वाशीमचा उजेड आहे, तो तर आहेच. ओमेगा दिसतो. त्रिशंकू बऱ्या हवेत दिसतो.

नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथेही लगतच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे विझवले नाहीत, जमिनीकडे तोंड करणारे बसवले. वाचलं तेव्हा बाबांना मुद्दाम वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे आपल्या डब्याचं सरकारी नाव."

मला या सगळ्यातून एवढंच कळलं की अंधार राखायचा म्हणजे दिवे काढायचे असं नाही. दिवा कुणाच्या पायासाठी आहे ते आधी ठरवायचं, तो तिथेच पाडायचा, आणि लागेल तेवढाच. आणि ठरवताना ज्याला सगळ्यात कमी दिसतं त्याच्यापासून सुरुवात करायची. तसं केलं तर ज्याला सगळं दिसतं त्याच्या वाट्याचा अंधार फारसा कमी होत नाही. निदान आमच्या गच्चीवर तरी झाला नाही.

या दिवाळीला जे नातेवाईक येणार आहेत त्यांच्यासाठी सूचना. बटणांच्या पाटीवर ताईने टिकल्या चिकटवल्या आहेत, अंधारात बोटाने ओळखायला. एक टिकली म्हणजे जिना, दोन टिकल्या म्हणजे वहीचा दिवा. झाकणाखालचं पांढरं बटण सहज म्हणून दाबायचं नाही. वर येताना मोबाईल खिशात ठेवा. चुन्याचे पट्टे दिसतील. नाहीच दिसले, तर खालूनच हाक मारा. पहिल्या तासात बाबा वरच असतात, जिन्याचा दिवा ते लावतील.